भिकाजीचे पावणे

परवा माझी नात पुण्याला निघाली. पिशव्या रिक्षात टाकल्या, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, जाते गं." झालं. सुनेने कपाळाला हात लावला, मुलगा ओरडला, "येते म्हण!" शेजारीण तर कुंपणापलीकडून म्हणाली, "गो बाय, जातंय म्हणा नये. येतंय म्हणूचा." मी एकटी गप्प बसले. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही. मला नको तेवढं ऐकू येतं. पण त्या एका शब्दाने भिकाजी आठवला, आणि भिकाजी डोक्यात शिरला की त्याच्या मागून माशाच्या टेम्पोचा वासही शिरतो. मग दुसरं काही सुचत नाही.

भिकाजी मासळीचा टेम्पो चालवायचा. सकाळी मालवणच्या धक्क्यावर माल भरायचा, वर बर्फ टाकायचा आणि कुडाळ, सावंतवाडी, कधी आंबोलीचा घाट चढून वर पोचवायचा. उंच, काळा, मानेत थोडा वाकलेला. उजव्या नाकपुडीत लहानपणी टोचलेलं बुजत आलेलं भोक. त्याच्या आधीची तीन मुलं गेली होती, म्हणून आईने याचं नाव ठेवलं भिका आणि नाक टोचलं, म्हणजे यमाला वाटावं की ही मुलगी आहे, तीही भिकेत मागून आणलेली. कुणाच्याही दारात उभं राहायला तो लाजत नसे. विचारलं तर म्हणे, "माजा नावच भिका. मागूची लाज माका कित्याक?"

तो मागायचा काय, तर कुत्र्यांसाठी जागा.

आता यात मी कुठून आले ते सांगते, म्हणजे मला हसायला तुम्हाला सोपं जाईल. अठ्ठ्याण्णव साली आमचे हे मुंबईतल्या बँकेतून निवृत्त झाले आणि आम्ही मालवणात घर बांधून राहायला आलो. मी तेव्हा पन्नाशीची तरुणी. मुंबईहून येताना बरोबर सुधारणा घेऊन आले होते. सामानाच्या ट्रकमध्ये जागा उरली होती म्हणून असेल. त्याच सुमारास गुरांच्या दवाखान्यात घाटावरची एक तरुण डॉक्टरीण बदलून आली. गाडीखाली चेचलेले, गळ तोंडात अडकलेले, उकळतं पाणी अंगावर घेतलेले कुत्रे ती दवाखान्याच्या मागच्या पडवीत ठेवून बरे करी. बरे झाले की पंचाईत. पडवी लहान, आणि धक्क्यावर परत सोडले की महिन्याभरात पुन्हा तिथेच यायचे. त्यांना कायमचं कुणी मिळेपर्यंत चार महिने सांभाळणारी घरं हवी होती. मी ताबडतोब समिती काढली. घरात एकही कुत्रा नव्हता, पण लेटरहेड छापून तयार. मी सचिव. कुत्रा ठेवू इच्छिणाऱ्या कुटुंबासाठी मी चौदा प्रश्नांचा छापील अर्ज केला. प्रश्न सहावा : 'आवार असल्यास चौरस फुटांत नमूद करावे.'

राहिली गाडी. आमच्याकडे फियाट होती, पण तिला मखमली कव्हरं होती. हो, सचिवांच्याच गाडीला. डॉक्टरीणबाईंनी भिकाजीला विचारलं. म्हणजे खरं तर कुत्र्यांनीच त्याला शोधलं. कुठल्याही गाडीत कुत्रा चढवायला चार माणसं लागतात. भिकाजीच्या टेम्पोतून तो उतरवायला लागत. माशाचा वास आला की तीन पायांचा कुत्राही आपणहून उडी मारी. पावसात होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत टेम्पोला काम नसे. ते आमचे फिरतीचे दिवस.

पहिली खेप धामापूरला. मी छत्री, अर्जांची फाईल आणि नाकाला अत्तराचा रुमाल अशा थाटात पुढच्या सीटवर बसले. भिकाजीने गाडी सुरू करण्याआधी खाली उतरून टोपी काढली आणि हात जोडले.

"बा गावच्या देवा म्हाराजा! आज ह्या तुजा चार पायांचा लेकरू शीव वलांडून चल्ला हा. वाटेत काय आड येयत तर बाजूक सार, आणि जेच्या दारात जातला तेका बुद्धी दी रे म्हाराजा!" मग थांबून माझ्याकडे बघितलं. "वयनी, व्हय म्हाराजा म्हणा. गाऱ्हाण्याक कोणीतरी व्हय म्हणूक होया."

"मी अशा गोष्टी मानत नाही," मी म्हणाले.

"तुमी मानू नकात. म्हणा फकत."

मी रुमालातूनच "व्हय म्हाराजा" म्हटलं. पुढे दहा वर्षं म्हणत राहिले.

गाडी चालवताना तो मागच्या जाळीतून कुत्र्याला वाट सांगायचा. "हां, आता चढ लागलो. आता ही कर्ली नदी, वास घे नीट. आता डावयाक वळतलंय, पडशीत." मला हसू यायचं. आमच्याकडे नको असलेलं कुत्रं-मांजर पिशवीत घालतात, पिशवी गरागरा फिरवतात आणि खाडीपलीकडे नेऊन सोडतात, म्हणजे त्याला परतीची वाट सापडू नये. भिकाजी म्हणे, "पिशयेत घातलेलो जीव आदी भियान मरता. तेका सांगूक होया, तू खंय चललंस ता."

धामापूरला तळ्याच्या अंगाला एक बाई राहायची, सुमतीबाय. नवरा बोटीवर, घरात ती आणि सासू. मी फाईल उघडली. "आपल्या आवाराचं क्षेत्रफळ—"

भिकाजीने माझ्या हातातला अर्ज हळूच घेतला, त्या कागदाने टेम्पोची काच पुसली आणि म्हणाला, "सुमतीबाय, पावणो हाडलंय."

पाहुणा आणलाय, एवढंच. बाईने एकदा कुत्र्याकडे बघितलं, एकदा भिकाजीकडे. मग आत जाऊन पेजेचं भांडं घेऊन आली. परतताना भिकाजी मला म्हणाला, "वयनी, कुत्रो म्हटला तर माणूस इचारता, किती दिवस? पावणो म्हटला की इचारूक येता? दारात इलेल्या पावण्याक 'कधी जातलंस' म्हणान कोण इचारीत?" मी त्या दिवशी माझे चौदा प्रश्न फाईलमध्ये तसेच ठेवले. फेकले नाहीत; छपाई चांगली होती.

वालावलचे भटजी हे आमच्या सगळ्या कारभारातलं एकमेव नीट वाढलेलं पान. त्यांनी आपणहून पाहुणा मागितला. तिसऱ्या दिवशी निरोप आला, पावणो जेवत नाही. आम्ही गेलो. भटजी रडकुंडीला आले होते. "अहो, वरणभात झाला, तूप झालं, ताकभात झाला. काल तर शेवयांची खीर केली. शिवत नाही हो. उपाशी मेला तर मला पाप."

भिकाजीने भाताची पत्रावळ उचलली, टेम्पोत नेऊन ठेवली आणि मागचं फळकट लावून ओटीवर येऊन बसला. पाऊण तास देवळाच्या गोष्टी केल्या. मग पत्रावळ परत आणून कुत्र्यापुढे ठेवली. कुत्र्याने पत्रावळीसकट खाल्लं.

भटजींनी संशयाने विचारलं, "भिकाजी, आत काय घातलंस?"

"काय नाय भटजी. मासो नाय, मसालो नाय. फकत वास. वासाक सोवळा-ओवळा खंय आसता?"

भटजींनी जरा विचार केला. शास्त्रात आधार सापडला नाही, पण विरोधही सापडला नसावा. जाताना भिकाजीने माशाची एक जुनी टोपली त्यांच्या कुंपणाला अडकवली. पुढे कितीतरी वर्षं तो कुत्रा त्या टोपलीखाली बसून वरणभात जेवायचा, आणि कुणी विचारलं तर भटजी सांगायचे, "ती होय? पाहुण्याचं सामान."

भिकाजी कुत्र्याला सोडून निघताना त्याच्यासमोर उकिडवा बसायचा, कपाळावर तळवा ठेवायचा आणि म्हणायचा, "येतंय हां." आपल्याकडे कुणीही तेच म्हणतो. पण कुत्र्यांच्या बाबतीत यात एक मेख होती, ती आमच्या दोघांच्याही लक्षात आली नाही. दवाखान्याच्या पडवीत तो रोज दुपारी जायचा, माशाची डोकी द्यायचा, निघताना "येतंय हां" म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी खरंच यायचा. महिना-महिना हेच. कुत्र्यांना तेवढा एक शब्द पक्का कळत होता. येतंय म्हणजे येतो.

काळी नावाची एक कुत्री होती. कंबर दुखावलेली, पण बरी झाली होती. तिच्यासाठी आंबोलीचं घर मी शोधलं. मीच. घाटात चहाची टपरी चालवणारा सज्जन माणूस, मागे त्याचं घर. थंड हवा, निसर्ग. क्षयाच्या रोग्याला हवापालटाला पाठवावं तशी मी तिला पाठवली. टपरीवाल्याला माझे चौदाही प्रश्न विचारले आणि त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. आषाढात तिला सोडलं. धुकं एवढं, की टपरीचा कंदील दिसे, टपरी दिसत नसे. भिकाजी उकिडवा बसला. "येतंय हां, काळये. पुनव झाली की पैल्या गाडयेन येतंय. बांगड्याची डोकी हाडतंय तुका."

नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, मासळीचे टेम्पो घाट चढायला लागले. भिकाजीला पहिली खेप कुडाळची मिळाली, आंबोलीची दुसऱ्या दिवशी. मी 'पाहणी' करायला त्याच्याबरोबर निघाले. डॅशबोर्डवर केळीच्या पानात बांधलेली बांगड्याची डोकी होती.

टपरीवाला आम्हाला बघून पुढे आला नाही. उभ्या जागेवरून म्हणाला, "भिकाजी, काल येवक होया होतंस रे."

"काय झाला?"

"दीड महिनो ती त्या वळणार बसान रवली. पावसात पण. मी उचलून घरात हाडी, की परत जाय. काल मासळयेचो पैलो टेम्पो वर इलो. धुक्यात दिसता काय? पण वास इलो. तशी उठली आणि शेपटी हालयत आडवी गेली. ड्रायवराक दिसाकच नाय. तेका वायट वाटला बिचाऱ्याक, उतारलो पण..."

"तो माजो टेम्पो नव्हतो," भिकाजी म्हणाला. कुणी म्हटलंच नव्हतं, की तो त्याचा होता.

माझ्या चौदा प्रश्नांत 'घर रस्त्याला लागून आहे काय?' हा प्रश्न नव्हता. चौरस फूट विचारले होते मी.

टपरीवाल्याने तिला दरीच्या कडेला पुरून वर दगड ठेवला होता. भिकाजीने पान सोडलं आणि डोकी त्या दगडावर मांडली. उकिडवा बसला. तळवा दगडावर ठेवला. सवयीने तोंड उघडलं, "ये—" आणि थांबला.  मग म्हणाला, "जातंय गो."

 घाट उतरून खाली आल्यावर, मी काही विचारलं नव्हतं, तरी सांगायला लागला. "माज्या आवशीन माका लानपणी वालावलाक मावशेकडे ठेवलेला. आमच्याकडे पोरां जगा नाय म्हणान. सोडताना ती पण येतंयच म्हणाली."

"मग? आई आल्या का?"

"इली ना. सात वर्सांनी." त्याने वळण घेतलं. "पैले दोन वर्सां मी फाटकात बसलंय. ती इली तेव्हा मी इटी-दांडू खेळी होतंय. हाक मारल्यान तर वळखाक नाय मी तिका."

त्या दिवसापासून भिकाजीने कुत्र्याला येतंय म्हणणं सोडलं. उकिडवा बसायचा, तळवा ठेवायचा आणि सरळ सांगायचा, "जातंय रे." आणि जायचा. मागे बघायचा नाही.

आता हे लोकांच्या दारात. मुंबईत कुणाच्या लक्षातही आलं नसतं. इथे बायका दचकायच्या. धामापूरच्या सुमतीबायकडे दुसरा पाहुणा घेऊन गेलो, तेव्हा ती पेजेचं भांडं घेऊन बाहेर येतच होती. भिकाजीचा शब्द ऐकला आणि भांडं खाली ठेवलं.

"काय म्हणालंस?"

"तुका नाय गो म्हटलंय. तेका म्हटलंय."

"माजो घोव परवा बोटीर चल्लो हा, आणि तू माज्या दारात उबो रवान जातंय म्हणतंस? तुजो पावणो घे, आणि खऱ्यान जा."

घेतला पाहुणा, आलो परत. असं एकेक घर मिटत गेलं. मी त्याला समजावलं. तेव्हा मला वाटायचं की समजावणं हे माझं मुख्य काम आहे. "भिकाजी, हट्ट सोडा. येतंय म्हणा आणि मोकळे व्हा. कुत्र्याला काय कळतंय?"

"वयनी, माणसाक खोटा चलता," तो म्हणाला. "येतंय म्हटला तरी माणसाक आतून ठावक आसता. कुत्रो खरा धरून बसता."

मग जे व्हायचं ते सगळं झालं. डॉक्टरीणबाईंची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी पडवीत खाटा टाकल्या. समितीचे सभासद पाच होते, ते दोन झाले. दुसरे म्हणजे आमचे हे, आणि तेही फक्त भीतीने. आमचे पाहुणे घरोघरून परत यायला लागले. पाहुण्याला जा म्हणता येत नाही हे भिकाजीचं म्हणणं बरोबर होतं. पण पिशवीत घालता येतं. एकदा खाडीपलीकडे त्याला आपलाच एक पाहुणा सापडला, गळ्यात सुतळीचा तुकडा तसाच होता. भिकाजी कुणाच्या दारात जाब विचारायला गेला नाही. म्हणाला, "तेनीं चार म्हयने तरी जेवूक घातल्यानी." कुत्र्याला टेम्पोत बसवलं आणि घरापर्यंत वाट सांगत आणलं. त्याच्या छपरीत मग असे परतलेले कुत्रे राहू लागले. म्हातारे होत गेले, एकेक करून संपले. नवीन जखमी कुत्रा दिसला तर भिकाजी मान फिरवून गाडी पुढे काढायचा आणि फर्लांगभर गेल्यावर परत फिरायचा. ठेवायला जागा नाही हे माहीत असताना परत फिरायचा. "मी काय करतलंय? टेम्पोच फिरता," म्हणायचा.

आणि या सगळ्या वर्षांत सचिवांच्या घरी किती कुत्रे राहिले? एकही नाही. मी लोकांना भूतदयेवर बोलायचे, पण आमच्याकडे मोझॅकची लादी होती, पांढरी, आणि सोफ्याला ओळीने क्रोशाचे रुमाल. भिकाजीने दहा वर्षांत एकदाही मला विचारलं नाही. नावाचा भिका, सगळ्या तालुक्याकडे मागितलं, माझ्याकडे नाही. हा माझा मान ठेवणं होतं की अपमान, ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारायला मिळालं नाही.

दोन हजार दहाच्या गणपतीनंतरची गोष्ट. भिकाजीने टेम्पो विकला होता. घशाचं काहीतरी दुखणं होतं, आवाज बसत बसत फुंकरीएवढा राहिला होता. सकाळी दहाच्या सुमाराला फाटकासमोर रिक्षा थांबली. आत त्याची बायको कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात चालले होते. भिकाजी खाली उतरला. मागोमाग उतरला तो लंगडो, त्याच्या छपरीतला शेवटचा कुत्रा. तीन पायांचा, एका डोळ्यावर मोतीबिंदूचा सारा आलेला, थोबाडावर पांढरा. गाडीतून आपणहून उतरलेला मी पाहिलेला हा पहिला कुत्रा. रिक्षाला माशाचा वास नव्हता.

मी पायरीवर उभी होते. माझ्या मागे लादी नुकतीच पुसलेली.

भिकाजीने टोपी काढली. "वयनी," तो म्हणाला, "पावणो हाडलंय."

ओठांवर आलेला प्रश्न अर्थात हाच, किती दिवस? तो मी गिळला. कसा गिळला ते माझं मला माहीत. फाटक उघडलं.

तो उकिडवा बसला. बसायलाही त्याला फाटकाचा गज धरावा लागला. लंगड्याच्या कपाळावर तळवा ठेवला. "जातंय रे," म्हणाला.

लंगड्याने त्याच्या हाताचा वास घेतला. उलटा-सुलटा, दोन्ही बाजूंनी, नीट. मग वळला, एकेक करून तीन पायऱ्या चढला आणि ओले ठसे उमटवत माझ्या पांढऱ्या लादीवरून सरळ आत गेला. त्याला कळलं म्हणून गेला, की आत बांगडे तळत होते म्हणून गेला, देव जाणे. कुत्र्यांतलं मला आजही काही कळत नाही; मी सचिव होते.

भिकाजी उठला. फाटक बाहेरून ओढून घेतलं, कडी नीट बसली की नाही ते हलवून बघितलं. मग वर बघून माझ्याशी हसला.

"येतंय हां, वयनी," तो म्हणाला.

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. आत लंगडो सोफ्याखाली अंग मुडपून झोपी गेला होता. फाटकाशी मीच उभी होते.